खुलासा: राशीवरून आहार ठरत नाही

‘मेष राशीवाल्यांनी रोज बीट खावं, रक्त वाढतं, कर्क राशीवाल्यांनी रोज नारळपाणी प्यावं, किडनी साफ राहते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही.

बीटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा, त्याचा रक्ताशी संबंध नाही. १०० ग्रॅम बीटात लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन कमी असेल तर राजगिरा, अळीव, कडधान्यं खा, वरून लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा टाळा. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. रास कुठलीही असो.

शिवाय रास तरी कुठली धरायची? आपल्याकडे जन्मवेळच्या चंद्रावरून पाहतात, पाश्चात्त्य पद्धतीत सूर्यावरून. मजकुरात याचा उल्लेखच नाही.

नारळपाण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. मोठ्या ग्लासात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी नीट काम करत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात कुणाला किडनीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नारळपाणी देऊ नका. ज्यांनी हा मेसेज पाठवला, त्यांनाही हे आवर्जून कळवा.