मणी युरोपातले, मान्य

'सडेतोड' यांस,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅनडातल्या मिगमाव या मूलनिवासी लोकांचे काचेचे मणी मुळात युरोपातले, मग ही 'पारंपरिक' कला कसली? आणि जुन्या वस्तू संग्रहालयात आहेतच, तर पोरींना बसवून शिकवायचा खटाटोप कशाला, व्हिडिओ काढून ठेवा की.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी. 'हजारो वर्षांचं मणीकाम' असं मी लिहून गेले. काचेचे मणी तिथे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर पोचले; त्याआधीपासून होतं ते साळिंदराच्या काट्यांचं काम. (आपल्याला साळूचा काटा आठवतो तो सीमंतोन्नयनात!) भोजपत्राच्याच कुळातल्या झाडाची साल टोच्याने भोसकायची, भिजवलेले रंगीत काटे भोकांत खोचायचे; साल सुकताना भोक आवळतं आणि काटा घट्ट बसतो. एकोणिसाव्या शतकात अशा सालीच्या पेट्या मुख्यतः गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी बनायच्या. म्हणून त्या मिगमाव नव्हेत? मणीही विकत घेतलेले, पण बायकांच्या उंच, टोकदार टोप्यांवरच्या समोरासमोर वळलेल्या जोडवेली काही मण्यांबरोबर आल्या नव्हत्या.

आता व्हिडिओ. मणीकामाला दोन सुया लागतात. एकीच्या दोऱ्यात मणी ओवलेले, दुसरी दर दोन-तीन मण्यांमागे तो दोरा कापडाला टाचत जाते. व्हिडिओ बघून मी केलेली वेल घेऊन मणीकामाच्या वर्गात गेले, अगदी मिरवत. शिकवणाऱ्या बाईंनी पुढची बाजू पाहिलीच नाही. कापड उलटं केलं, मागचे टाके बघितले आणि अर्धी वेल उसवायला लावली. दोरा इतका ओढला होता की कापडाला चुण्या पडल्या होत्या. पडद्यावर ते कळणार कसं?

शिवाय हे आजीजवळ बसून शिकायचं वय अनेकांचं शूबेनाकेडीच्या निवासी शाळेत गेलं; मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी शाळांपैकी ही एक. १९३० ते १९६७ ती चालली. तिथे मुलांना मिगमाव भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा. वर्ग घ्यावे लागतात ते परंपरेत पडलेल्या या खंडामुळेही.

संग्रहालयाचं म्हणाल, तर एका मिगमाव सरदाराचा मण्यांनी मढवलेला पोशाख शंभराहून जास्त वर्षं मेलबर्नला होता. सुरक्षित होता, नाही कोण म्हणतं? पण टाके बघायला नोव्हा स्कोशियातल्या बाईने ऑस्ट्रेलिया गाठायचं का? २०२३ मध्ये तो नोव्हा स्कोशियातल्या मिलब्रुक या मिगमाव वस्तीत परत आला.

'हजारो वर्षांचं' हे शब्द मूळ लेखातून काढलेत. बाकी लेख आहे तसाच ठेवते.