बुडायचे पैसे

लातूरच्या माणसानं स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकावं, हे घरात कुणालाच पटलं नाही. 2016च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावचा माणूस संभाजीनगरला जाऊन, फी भरून, तलावाच्या तळाशी बसायचं म्हणतो! मामा एवढंच म्हणाले, "बुडायलाच जायलास, तर एवढं लांब कशाला? इथं पतसंस्था हायेत की."

पण मामांना वाटतं तितकं बुडणं सोपं नाही. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना बुडू नये म्हणून पाठीला वाळका भोपळा बांधला होता. आता कमरेला शिशाच्या वड्या बांधल्या, तरी मी आपला पाण्यावरच. जमिनीवर ज्या पोटाला डॉक्टर नावं ठेवतात, तेच पाण्यात वर पळतं, कारण चरबी पाण्यापेक्षा हलकी. त्यात निओप्रीनचा सूट. त्याच्या रबरात बुडबुडे कोंडलेले, म्हणजे तोही वरच ओढणार.

बरोबर परभणीचे एक भाऊ होते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या तत्त्वानं त्यांनी सगळ्यात जड पट्टा मागून घेतला आणि धाडकन तळ गाठला. मग वर यायला अंगातल्या फुगवायच्या जाकिटात हवा भरली. छाती वर, पाय खाली, अशा अवस्थेत ते पाण्यातून उभ्यानं, मिरवणुकीत निघाल्यागत चालले. एवढ्या खटाटोपात आमचे सिलिंडर निम्मे व्हायच्या आत त्यांचा संपला.

वजन बरोबर आहे का, हे बघायची रीत ऐकायला सोपी आहे. खोल पाण्यात सरळ उभं राहायचं, जाकीट रिकामं करायचं, नेहमीएवढा श्वास घेऊन धरायचा. पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे. श्वास सोडला की सावकाश खाली गेलं पाहिजे. फक्त पाय हलवायचे नाहीत. आता पाणी नाकावर आलेलं असताना पाय गप ठेवणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही. त्यामुळं सर स्वतः खाली जाऊन प्रत्येकाचे पाय तपासतात.

त्यातही सिलिंडरची एक गोम आहे. 12 लिटरचा सिलिंडर 200 बार (हवेच्या दाबाचं माप) दाबापर्यंत भरला, की त्यात जवळजवळ तीन किलो हवा मावते. डुबकी संपताना 50 बार उरते, म्हणजे दोन किलोंवर वजन आपण फुंकून टाकलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच वर येता येता 5 मीटरवर तीन मिनिटं स्थिर थांबायचं असतं. म्हणून भरल्या सिलिंडरनं तपासणी केली, तर हे दोन किलो आधीच जास्तीचे बांधून घ्यायचे. आडत दुकानातला माझा चुलतभाऊ हे ऐकून खूश झाला. "आमी सोयाबीनची ओल धरतो, तुमी हवा धरायलाव. धंदा एकच!"

बरं, एवढं शिसं नुसतं कमरेला बांधून भागत नाही. सगळा भार तिथंच आला, की पाय खाली लोंबतात. थोडं सिलिंडरच्या पट्ट्याला, वरच्या बाजूला सरकवलं, तर माणूस आडवा तरंगतो. दोन्ही बाजूंना सारखं, आणि बक्कल असं की संकटात एका हातानं सुटून पट्टा खाली पडावा. सरांनी ही बक्कल डोळे मिटून सोडायला लावली. एकाची चड्डीच सैल झाली, पण तो विषय वेगळा.

आता तारकर्लीला जायचं आहे. तिथं हा हिशेब चालणार नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड. मी आणि माझं सामान मिळून शंभर किलो धरले, तर आणखी अडीच किलो शिसं लागणार. हे मी जेवताना उत्साहानं बायकोला सांगितलं.

"म्हणजे चरबी जास्त, म्हणून शिसं जास्त?"

"तसंच काही नाही, पण हो."

"मग चरबी कमी केली की शिसं कमी लागंल."

शिसं तिथं भाड्यानं मिळतं, असं मी सांगून बघितलं. तोवर येसराच्या आमटीचं पातेलं तिच्या बाजूला सरकलं होतं.