‘फी तर माफच आहे’ म्हणणाऱ्यांना

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा भागातील एका बंगाली वस्तीतील, घरातली पहिलीच पदवीधर असलेली एक मुलगी ‘कॉलेज आपल्या तालुक्यात’ एवढाच मुद्दा घेऊन जिल्हा परिषदेला उभी राहणार असे कळताच व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागला: ही माणसे बाहेरची, फी तर सरकारने माफच केली आहे, आणि कॉलेज काही जिल्हा परिषदेच्या हाती नसते.

बाहेरचेपणाबद्दल फार लिहायला नको. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या निर्वासितांना १९६० च्या दशकात सरकारनेच येथे वसवले. गडचिरोली जिल्हाच मुळी त्यानंतर, १९८२ मध्ये झाला.

फीचे मात्र नीट पाहिले पाहिजे. शुल्काची सवलत दाखल्यावर मिळते, आणि या वस्त्यांमधला नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत असला तरी महाराष्ट्राच्या यादीत नाही; त्यामुळे तिकडे राहिलेल्या चुलत भावाला जो दाखला मिळतो, तो इकडे वसवलेल्या भावाला मिळत नाही. सेतू केंद्रात मी पाहिले आहे: घड्यांवर चिकटपट्टी लावलेला, आजोबांच्या पुनर्वसनाचा कागद मुलगी पुढे सरकवते, आणि पलीकडचा माणूस तो उलटसुलट करून ‘जातीचा पुरावा कुठे आहे?’ म्हणून विचारतो. ही यादी संसदेच्या कायद्यानेच बदलते, म्हणजे ज्या राजकारणापासून तिने दूर राहावे असे सुचवले जाते, त्यावाचून हा प्रश्न सुटणारच नाही. २०२४ ची मुलींची शुल्कमाफी आहे ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी; साध्या बी.ए.ला तिचा उपयोग नाही, आणि खोलीभाडे व मेसचा खर्च तर घरच्या धानातूनच निघायचा.

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करतो. नव्या वरिष्ठ महाविद्यालयाला परवानगी राज्य सरकार देते, तीही कुठे कोणते कॉलेज हवे हे मांडणाऱ्या विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याला धरून. परंतु विदर्भात जिल्हा परिषदेची कनिष्ठ महाविद्यालयेही आहेत, आणि अकरावीला विज्ञान शाखाच नसेल तर पुढे बी.एस्सी.चा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा तिने दार चुकीचे ठोठावले असे म्हणता येत नाही. तो आराखडा विद्यापीठाच्या ज्या अधिसभेपुढे (सिनेटपुढे) मंजुरीला येतो, तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात, म्हणून तिने पुढे तिकडेही वळावे असे माझे मत आहे. मजकूर पुढे ढकलणाऱ्या माझ्या पदवीधर मित्रांपैकी किती जणांनी इथल्या गोंडवाना विद्यापीठाच्या पदवीधर मतदार यादीत नाव घातले आहे, असे मी त्याच गटात विचारले; दोन दिवस झाले, उत्तर आलेले नाही.