सास्काचेवानच्या मंत्रिमंडळाचा तो मेसेज आणि मामांनी रद्द केलेला विमा

गेल्या रविवारी कराडहून मामांचा फोन आला. ते आणि मामी सप्टेंबरात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात, रेजायनाला येतायत. तिकिटं झाली, व्हिसा झाला, मेतकूट-भाजणीची यादी झाली, आणि फोन ठेवता ठेवता मामा म्हणाले, "आणि ते ट्रॅव्हल इन्शुरन्सचं मी काढून टाकलं गं. एजंटला सांगितलं, नको. तुमच्याकडं सगळं फुकटच असतंय की." मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसलेत, शुगरची गोळी रोजची.

कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्यांनी मला पाठवला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला. त्यात म्हटलंय ते असं: १९४४ साली कॅनडात एक पाद्री मुख्यमंत्री झाला आणि पहिल्याच रात्री मंत्रिमंडळाची बैठक घेऊन त्याने सगळे उपचार मोफत केले. त्यासाठी जनतेकडून एक पैसा घेतला नाही. सतरा वर्षं तेच मंत्रिमंडळ, एकही मंत्री बदलला नाही, एकानेही पक्ष सोडला नाही. संपावर गेलेल्या डॉक्टरांना तुरुंगात टाकलं आणि संप एका दिवसात मिटला. म्हणून आजही कॅनडात पाऊल ठेवणाऱ्या कोणालाही सगळे उपचार मोफत. खाली हात जोडलेले, आणि "आपले नेते कधी शिकणार?"

शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीच्यांमुळे नुसती माहिती चुकते, या मुद्द्यामुळे एखाद्या घराची आयुष्यभराची पुंजी जाईल.

कॅनडात आरोग्यसेवा प्रांतांच्या हातात आहे. केंद्राचा १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट आहे, तो प्रांतांना सांगतो की आपल्या सगळ्या रहिवाशांना सारख्या अटींवर विमा द्या, तर आमचे पैसे पूर्ण मिळतील. रहिवासी म्हणजे कोण, हे त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय: कॅनडात राहण्याचा कायदेशीर हक्क असलेला, त्या प्रांतात घर करून राहणारा आणि एरवी तिथेच असणारा माणूस. आणि त्याच वाक्याच्या शेवटी, पर्यटक, तात्पुरता आलेला किंवा पाहुणा यात धरायचा नाही. कायद्याची भाषा सहसा इतकी सरळ नसते, इथे आहे. मामा पाहुणे आहेत. माझ्या घरी ते कितीही हक्काने येऊन राहिले तरी या कायद्यापुढे पाहुणेच.

माझ्या पर्समध्ये सास्काचेवानचं हेल्थ कार्ड आहे. त्यावर नऊ आकडी नंबर, आणि मुदत संपत आली की नवीन तारखेचं स्टिकर येतं, ते चिकटवायचं. हे कार्ड ज्याचं त्याचं. माझं कार्ड दाखवून मामांना तपासून घेता येत नाही. त्यांच्या छातीत कळ आली तर इथलं रुग्णालय दारातून परत पाठवणार नाही, हे खरं, पण बिल त्यांच्या नावाने निघेल आणि ते डॉलरमध्ये, हजारांच्या घरात असेल. आणि माझ्यासाठी तरी सगळं फुकट कुठे आहे? अँब्युलन्सचं बिल घरी येतं. दाताचा डॉक्टर, चष्मा, घरी घ्यायची बहुतेक औषधं, हे सगळं नोकरीच्या विम्यातून नाहीतर खिशातून.

ज्या आईवडिलांना मुलं सुपर व्हिसावर, म्हणजे लांब मुक्कामाच्या व्हिसावर, बोलावतात, त्यांच्याकडून इथलंच केंद्र सरकार निदान एक लाख डॉलरचा आणि निदान एका वर्षाचा वैद्यकीय विमा मागतं. सगळं फुकट असतं तर तो कशाला मागितला असता? मामा साध्या व्हिजिटर व्हिसावर येतायत, तिथे विम्याची सक्ती नाही. म्हणूनच ते एजंटला "नको" म्हणू शकले. सक्ती नसल्यामुळे अशा मेसेजला बळी पडतात ती नेमकी हीच माणसं.

आता त्या मंत्रिमंडळाकडे वळते. ते खरंच होतं, इथेच रेजायनात होतं, आणि त्याच्याबद्दल खोटं लिहिलेलं पाहून मला वाईट वाटतं, कारण मी रोज त्यांच्याच कामावर जगते.

मेसेजातला पाद्री म्हणजे टॉमी डग्लस. वेबर्न गावातल्या बाप्टिस्ट चर्चचा धर्मोपदेशक. तो कॅनडाचा नव्हे, सास्काचेवान या एका प्रांताचा मुख्यमंत्री होता. इथे त्याला प्रीमियर म्हणतात. त्याच्या सीसीएफ पक्षाने जून १९४४ च्या निवडणुकीत ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. शपथविधी १० जुलै १९४४ ला झाला. आणि डॉक्टरांच्या उपचारांची सार्वत्रिक योजना सुरू झाली १ जुलै १९६२ ला. अठरा वर्षांना नऊ दिवस कमी. मेसेजातली "पहिली रात्र" ही एवढी लांब आहे.

मधल्या काळात ही माणसं काय करत होती? दुष्काळ आणि मंदीने पिचलेला प्रांत हाती आला होता. डग्लसने आरोग्यखातं स्वतःकडे ठेवलं आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून हेन्री सिगरिस्टना बोलावून पाहणी करून घेतली. १९४५ पासून पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना, मुलं पदरी असलेल्या विधवांना मोफत उपचार सुरू झाले. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट भागात योजना चालवून पाहिली. १ जानेवारी १९४७ ला रुग्णालयाचा विमा सगळ्या प्रांतात आला. मग मात्र गाडी थांबली, कारण पैसे नव्हते. रुग्णालयाचा बोजा प्रांत एकटा उचलत होता. १९५७ चा कायदा होऊन १९५८ पासून केंद्र त्यातला वाटा देऊ लागलं, तेव्हा कुठे हात मोकळा झाला, आणि डिसेंबर १९५९ मध्ये डग्लसने डॉक्टरांच्या उपचारांची योजना जाहीर केली. ती घेऊन १९६० ची निवडणूक लढवली, जिंकली.

"एक पैसा घेतला नाही" हे तर सरळ खोटं. १९४७ च्या रुग्णालय योजनेला माणशी वर्षाला ५ डॉलर भरावे लागत, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०. १९६२ च्या योजनेला एकट्या माणसाला १२ आणि कुटुंबाला २४ डॉलर, शिवाय विक्रीकर ३ टक्क्यांवरून ५ वर नेला. लोकांनी पैसे भरले. ज्याच्या घरी आजारपण नव्हतं त्यानेही भरले, म्हणून ज्याच्या घरी होतं त्याला शेत विकावं लागलं नाही. "फुकट" या एका शब्दाने त्या लोकांचा वाटाच पुसून टाकलाय.

सतरा वर्षं तेच मंत्रिमंडळ, यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. क्लॅरेन्स फाइन्स १९४४ ते १९६० सलग अर्थमंत्री होते आणि खर्चावर त्यांची करडी नजर असे. वुड्रो लॉइड, पेशाने शिक्षक, तिशीतच शिक्षणमंत्री झाले आणि १९६० पर्यंत त्याच खात्यात राहिले. इतकी वर्षं एकच खातं सांभाळणारे मंत्री कुठेही विरळाच. पण "एकही बदलला नाही"? जो फेल्प्स पहिल्याच मंत्रिमंडळात होते, हाती घेतील ते धडाक्याने करणारे. त्यांच्या काळात सरकारने रेजायनात बुटांचा कारखाना काढला, मूस जॉला लोकरीची गिरणी. बुटांचा कारखाना लवकरच बंद पडला, आणि १९४८ ला फेल्प्स स्वतःच्या मतदारसंघात हरले. आरोग्यखातं १९४९ मध्ये डग्लसकडून टॉम बेंटलींकडे गेलं, १९५६ मध्ये वॉल्टर अर्बकडे.

आणि "एकानेही पक्ष सोडला नाही" म्हणणाऱ्यांनी या अर्बचं काय झालं ते वाचावं. नोव्हेंबर १९६१ मध्ये आरोग्यसेवेचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा आरोग्यमंत्री तेच होते. लगेच आरोग्यखातं त्यांच्याकडून काढून विल्यम डेव्हीजना दिलं. मे १९६२ मध्ये, योजना सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, अर्ब यांनी मंत्रिमंडळ आणि पक्ष दोन्ही सोडले, आणि पुढे ते विरोधी लिबरल पक्षात गेले.

योजना सुरू झाली त्या दिवशी डग्लस तरी मुख्यमंत्री होता का? नव्हता. नोव्हेंबर १९६१ मध्येच तो सीसीएफमधूनच निघालेल्या नव्या एनडीपी पक्षाचा राष्ट्रीय नेता म्हणून केंद्राच्या राजकारणात गेला होता, आणि १८ जून १९६२ ला याच रेजायना शहरात लोकांनी त्याला पाडलं. योजना सुरू झाली ती लॉइड मुख्यमंत्री असताना. ३ मे ला ते डॉक्टरांच्या सभेत बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना हुर्यो ऐकून घ्यावी लागली. त्या मेसेजात त्यांचं नावही नाही.

ही योजना नको म्हणून डॉक्टरांनी १ जुलैला सुरू केलेला संप एका दिवसात मिटला नाही. २३ दिवस चालला. पहिल्याच दिवशी एका नऊ महिन्यांच्या बाळाला मेंदूज्वर झाला. आईबाप त्याला गाडीत घालून एका गावातून दुसऱ्या गावात डॉक्टर शोधत फिरले, आणि ते बाळ गेलं. सरकारने इंग्लंडहून डॉक्टर आणले. ११ जुलैला विरोधकांनी विधानभवनासमोर मोठा मोर्चा भरवला, पण अपेक्षेपेक्षा खूप कमी माणसं आली. विरोधी पक्षनेता रॉस थॅचरने सभागृहाच्या बंद दारावर लाथ मारली, तो फोटो प्रसिद्ध आहे. तुरुंगात एकही डॉक्टर गेला नाही. इंग्लंडचे लॉर्ड टेलर, स्वतः डॉक्टर, दोन्ही बाजूंमध्ये फेऱ्या घालत राहिले आणि २३ जुलैला सास्काटूनमध्ये करार झाला. त्यात सरकारनेही माघार घेतली: ज्या डॉक्टरला योजनेबाहेर राहायचंय त्याला तशी मोकळीक दिली.

याचं बक्षीस काय मिळालं? १९६४ च्या निवडणुकीत लॉइडचं सरकार पडलं. दारावर लाथ मारणारा थॅचर मुख्यमंत्री झाला, आणि त्याने ही योजना मोडली नाही. १९६८ मध्ये मात्र डॉक्टरकडे जाणाऱ्या आणि रुग्णालयात राहणाऱ्या रुग्णावर फी बसवली. ती १९७१ मध्ये काढली ॲलन ब्लेकनींनी, जे लॉइडच्या मंत्रिमंडळात सप्टेंबर १९६२ पासून आरोग्यमंत्री होते.

मामांनी काल एजंटला परत फोन केला. मी त्यांना दोन गोष्टी पक्क्या करायला सांगितल्यात: स्टेंट आणि शुगर फॉर्मवर लिहायचं, लपवायचं नाही, आणि आधीपासूनच्या आजारामुळे काही झालं तर पॉलिसी पैसे देते का, हे एजंटच्या तोंडून नको, कागदावर वाचून घ्यायचं. तो कागद अजून आलेला नाही. मी वाट बघतेय.