पावतीवर गजाचे नाव नाही

गेल्या सोमवारी, तिसऱ्या खेपेला, निवडणुकीसाठी जमा करून घेतलेली माझी बंदूक पोलीस ठाण्यातून मला परत मिळाली आणि ती हातात घेताक्षणी माझ्या लक्षात आले की तिच्या नळीखालचा गज, म्हणजे तोंडातून भरलेली दारू नळीत ठासायची सळी, जागेवर नाही. ज्यांच्या घरात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको. मुद्देमाल कारकुनाला मी गजाबद्दल विचारले, तेव्हा त्याने खुर्चीतून न उठता पावतीची स्थळप्रत काढली, तिच्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "काका, हयसर 'एक ठासणीची बंदूक' इतक्याच लिवलेला आसा. गजाचा नाव खय आसा ता दाखवा." गजाचे नाव पावतीवर नव्हते, कारण पावती मी लिहिली नव्हती. ती त्यांच्याच माणसाने, बंदुका जमा करायला आलेल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांना ठाण्याच्या आवारात रांगेत उभे करून, एकेका ओळीत उरकली होती. गज वेगळा निघतो, त्याची नोंद करा, असे मी त्या दिवशी स्पष्ट सांगितले होते आणि त्यावर "गज बंदुकीतच इलो ना?" असे उत्तर मिळाले होते. म्हणजे जमा करताना गज बंदुकीतच येतो आणि परत करताना मात्र तो पावतीवर असावा लागतो.

ठाणे अंमलदारांकडे गेलो, तर त्यांनी मुद्देमालाच्या खोलीत शोधावे लागेल, माणूस रजेवर आहे, चार दिवसांनी या, असे सांगितले. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावरून परतले नव्हते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस न्यायालयात गेला होता. आमच्या वाडीतून तालुक्याला जाणारी एसटी सकाळी एक आणि दुपारी एक, म्हणून प्रत्येक खेपेला आख्खा दिवस मोडतो, आणि बंदूक घेऊन एसटीत कोणी चढू देत नाही म्हणून परतीसाठी रिक्षा ठरवावी लागते. ती रिक्षा पहिल्या दोन्ही वेळा मी ठरवली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने तिच्यात बसून घरी आलो.

पण गजापेक्षाही मनाला जास्त लागले ते वेगळेच. चापाच्या कड्याला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला होता आणि त्यावर निळ्या शाईने "मुद्देमाल" असे लिहून खाली क्रमांक टाकला होता. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू. ही बंदूक माझ्या वडिलांची आहे. त्यांनी ती चाळीस वर्षे राखणीला वापरली, रात्री मांगरातून, म्हणजे शेतातल्या खोपीतून, हवेत बार काढून रानडुकरे परतवली, आणि तिच्या बाराने माणूस राहोच, वाडीतल्या कुत्र्यालाही कधी इजा झाली नाही. त्यांच्यावर किंवा माझ्यावर आजवर साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नोंदलेली नाही. ती बंदूक पकडलेल्या दारूच्या कॅनांच्या आणि चोरीच्या मोटरसायकलींच्या सुट्या भागांच्या शेजारी, ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. दस्त्याच्या टोकावर पांढरी बुरशी धरली होती आणि नळीच्या तोंडात बोट फिरवले तर बोट तांबडे झाले. घरी मी दर पंधरवड्याला ती नळी तेलाच्या चिंधीने पुसतो. जमा करताना तेलाची चिंधी नळीत सरकवून ठेवू द्या, एवढी विनंती केली होती, तीही मान्य झाली नाही. मी तो पुठ्ठा तोडून टेबलावर ठेवला आणि माझा आवाज चढला. मुलाने हात धरून मला बाहेर आणले. पोलीस ठाण्यात आवाज चढवणे बरे नव्हे हे मला मान्य आहे, तरी तिथे बोललेला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

आता गज कुठून आणायचा? गावच्या लोहाराकडून सळी ठोकून घे, असे सांगणारे भेटले. शस्त्र अधिनियमाप्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आमच्या लोहाराकडे तो नाही, आणि माझ्या गजापायी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर त्याच्या घरच्यांना मी कोणते तोंड दाखवू? बांबूची काठी तासून वेळ भागव, असेही एकाने सुचवले. ठासताना काठी नळीत मोडली की काय होते ते त्याने पाहिलेले नाही, मी पाहिले आहे. परवाना असलेला दुरुस्तीवाला गाठायचा तर कोल्हापूर, आणि माझा परवाना जिल्ह्यापुरता असल्याने बंदूक घाटावर न्यायची तर त्यासाठी पुन्हा अर्ज. तोवर रानडुकरे थांबणार नाहीत. बंदूक जमा होती त्या दिवसांत त्यांनी खालचा भुईमुगाचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, असा उकरला की सकाळी पाहताना वाटावे, रात्रीतून कोणी नांगर घातला. शेजारच्या काकींचा कुळीथ एका रात्रीत गेला, आणि माडांखाली वानरांनी तोडून टाकलेले कोवळे नारळ रोज टोपली भरून गोळा करावे लागत होते.

मी हे सारे विचारतो तेव्हा ठरलेले उत्तर मिळते: वरून आदेश आहे. या दोन-तीन शब्दांची मला मनापासून चीड आहे, कारण वरून आलेला आदेश काय आहे ते सांगणाऱ्याने वाचलेले नसते. मी वाचले आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये लिहिले आहे की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यावयाचा आहे, आणि ठासणीची बंदूक पुरेशी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्याला दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. संसदेने शेतकऱ्याच्या राखणीचा इतका स्पष्ट विचार करून ठेवला आहे. निवडणुकीत शस्त्रे जमा करण्याबद्दलही मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, निवडणूक आयोगाने त्या स्वीकारल्या, आणि त्यांप्रमाणे जिल्हा दंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत, सामील असलेले यांची शस्त्रे आधी पाहायची असतात. जमा करणाऱ्याला योग्य पावती द्यायची असते, शस्त्र सुरक्षित ठेवायचे असते आणि निकाल लागून आठवडा उलटताच ते परत करायचे असते. मी यांतल्या कोणत्या वर्गात बसतो, हे मला एकाही निवडणुकीत कोणी सांगितलेले नाही. यादी निघते, बीट अंमलदाराचा फोन येतो आणि वाडीतले सगळे परवानाधारक, त्यांत काठी टेकत चालणारे म्हातारेही, एकाच दिवशी ठाण्यात हजर होतात. छाननी या शब्दाचा अर्थ एकेकाला पाहणे असा मी शाळेत शिकलो होतो.

आणि वेळ तरी कोणती? 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. काजूच्या बिया पडायला लागल्या होत्या, आंबा तयार होत होता, फणसांवर वानरांच्या टोळ्या बसल्या होत्या. आमच्या मतदारसंघात 7 मे रोजी मतदान झाले, आम्ही शांतपणे मत देऊन घरी आलो, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला मतदान उरले होते म्हणून माझी बंदूक महिनाभर आणखी खोलीत राहिली. निकाल 4 जूनला लागला, आचारसंहिता 6 जूनला उठली, आणि बंदूक घरी आली तेव्हा पाऊस सुरू होऊन काजूचा हंगाम संपला होता. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. कोकणात ऑक्टोबरचा मध्य म्हणजे काय, हे मंत्रालयात बसलेल्या एखाद्या कोकणी माणसाला तरी आठवायला हवे होते. शेतात भात पिवळे होऊन उभे होते आणि रानडुकरे वर्षभर ज्या पंधरवड्याची वाट पाहतात तो पंधरवडा सुरू होत होता. 20 नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत ज्यांचे भात कापून झाले ते वाचले. ज्यांची कापणी मजुरांअभावी लांबली त्यांनी फक्त पेंढा घरी नेला. एकाच वर्षात आमची दोन्ही पिके बंदुकीशिवाय गेली, आणि आता स्थानिक निवडणुकांसाठी तिसऱ्यांदा तेच.

निवडणुकीत दहशत होऊ नये, हे मलाही हवे आहे. पण ज्यांच्यापासून भीती आहे त्यांनी ठाण्यात कधी काही जमा केले आहे का? रात्री सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, जीप घेऊन भेकरे मारायला येणारे लोक कोणत्याही यादीत नसतात. त्यांच्या गावठी बंदुकांना क्रमांक नाही, परवाना नाही, पावती नाही, आणि आचारसंहितेच्या काळात तर त्यांना रान मोकळे असते, कारण त्यांना अडवणारा आमचा बार तेव्हा खोलीत बंद असतो. या वेळी मी दोनदा रात्री आवाज ऐकले आणि दोन्ही वेळा फोन केला. बंदोबस्तामुळे माणूस नाही, असे सांगण्यात आले. ज्याचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि बंदुकीचा क्रमांक सरकारकडे आहे त्याच्या दारात जाणे सोपे असते, म्हणून त्याच्याच दारात जाणे हे मला भित्रेपणाचे वाटते.

विषय निघालाच आहे, तर वडील गेल्यानंतरचे सतरा महिनेही आठवल्याशिवाय राहत नाहीत. बंदूक माझ्या नावावर व्हावी म्हणून मी वारसांची संमतिपत्रे दिली, सातबारा दिला, वैद्यकीय प्रमाणपत्र दिले, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवले, आणि तरी फाईल ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दोन पावसाळे लागले. वडिलांच्या मृत्यूचा दाखला तर त्यांनी तीन वेळा मागितला, जणू मधल्या काळात ते परत आले असतील. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत यावा असे त्याच कलम 13 मध्ये आहे आणि शस्त्र नियम 2016 प्रमाणे ती मुदत तीस दिवसांची आहे; माझा आठव्या महिन्यात आला. ते सतरा महिने बंदूक जमाच होती आणि तेव्हाही दस्त्याला बुरशी धरली होती. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, ही या साऱ्या काळात आमच्या वाट्याला आलेली एकमेव सोय आहे आणि तिच्याबद्दल मी खरोखर आभारी आहे.

वन विभागाकडे जा, असे सांगतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतात, हे खरे आहे. पण ती परवानगी हातात येईपर्यंत डुकरांनी पीक खाऊन संपवलेले असते, आणि मला डुक्कर मारायचे नसून हाकलायचे आहे. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होतो, त्यात माझ्या उकरलेल्या कुणग्याचे क्षेत्र मोजले जाते, पण त्या भुईमुगासाठी आम्ही दोघांनी वाकून काढलेले दिवस कोणत्याही रकान्यात येत नाहीत. मुंबईहून गणपतीला येणारे नातेवाईक सौर कुंपण लावायला सांगतात. वानर कुंपणाखालून येत नाही, ते फांदीवरून येते, आणि आमच्या बागेत माडाला माड लागलेला आहे. मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पुढच्या गणपतीला तोच सल्ला पुन्हा ऐकतो.

काल मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला आहे. शस्त्र जमा करून घेताना पावतीवर नळी, दस्ता, घोडा आणि गज यांची वेगवेगळी नोंद व्हावी, नळीत तेलाची चिंधी ठेवू द्यावी, ज्याच्यावर गुन्हा नाही त्याच्या बंदुकीला "मुद्देमाल" अशी चिठ्ठी बांधू नये, आणि माझी बंदूक कोणत्या कारणाने जमा करून घेतली ते मला लेखी कळवावे, एवढ्या चार मागण्या त्यात आहेत. वाडीतल्या अकरा परवानाधारकांनी खाली सह्या केल्या. एकाने अंगठा दिला. गुरुवारी ओरोसला जाऊन आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी परत येणार नाही. तोपर्यंत रात्री मी आणि मुलगा आळीपाळीने मांगरात बसतो आहोत, हातात पत्र्याचा डबा आणि एक काठी, आणि डुकरे आता डब्याच्या आवाजाला मान वर करून पाहतात आणि पुन्हा उकरू लागतात.