कच्चा कोको: व्हायरल फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

दादर-पार्ल्याच्या सोसायट्यांपासून जिमच्या ग्रुपपर्यंत फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘बाजारातलं चॉकलेट म्हणजे साखर आणि डालडा. त्याऐवजी कच्चा कोको घ्या. तो ४२ अंशांच्या वर तापवलेला नसतो, म्हणून एन्झाइम्स जिवंत राहतात. ब्लूबेरीच्या ४० पट अँटिऑक्सिडंट्स. पालकापेक्षा जास्त लोह, भरपूर मॅग्नेशियम. कॅफीन शून्य. मूड सुधारतो, बीपी उतरतं. रोज सकाळी दोन मोठे चमचे केळ्याच्या स्मूदीत.’

‘बाजारातलं चॉकलेट म्हणजे साखर आणि डालडा’

हे निम्मं खरं आहे, आणि सगळ्या फॉरवर्डमध्ये खरेपणाच्या सगळ्यात जवळ जाणारं वाक्य हेच. मिल्क चॉकलेटमध्ये वजनाच्या जवळपास निम्मी साखर असते. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किलोच्या स्लॅबमध्ये मिळतं ते बहुतेक ‘कंपाउंड’: कोको पावडर, साखर आणि कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल. दिवाळीतली घरगुती चॉकलेटं बहुधा त्याचीच होतात, कारण ते मुंबईच्या उकाड्यात टिकतं आणि टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांवर वितळवून-थंड करून घट्ट चकचकीत करण्याची, कटकट नसते. त्यामुळे असं चॉकलेट सोडून कोणी बिनसाखरेची कोको पावडर घेतली तर फायदा होईलच. पण तो साखर सुटल्याचा फायदा. भाजलेली साधी पावडर घेतली असती तरी तेवढाच झाला असता. आणि ‘रॉ चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या वड्यांत खजूर, मध किंवा नारळाची साखर भरलेली असेल, तर तोही हिशेब गेला.

‘४२ अंशांच्या वर तापवलेला नसतो’

कोकोचं फळ फोडलं की आत आंबटगोड पांढऱ्या गरात ३०-४० बिया असतात. त्या गरासकट केळीच्या पानांखाली ढीग लावून किंवा लाकडी खोक्यांत ५ ते ७ दिवस आंबवतात. यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्याचं ॲसेटिक ॲसिड करतात, आणि या धांदलीत ढीग आतून ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. उष्णता आणि आम्ल मिळून बी पहिल्या दोन-तीन दिवसांतच मरते, ती पेरली तर उगवत नाही. चॉकलेटची चव ज्या घटकांपासून पुढे तयार होते, तेही याच ढिगात सुटे होतात. म्हणजे ४२ ची लक्ष्मणरेषा बिया भाजण्याची पायरी येण्याआधी, शेतावरच ओलांडली गेली.

पुढे बिया दळून लगदा करायचा आणि तो दाबून कोको बटर काढायचं, तेव्हा कुठे पावडर होते. दळताना घर्षणाने उष्णता येतेच. हे कोको बटर नीट निथळावं म्हणून कारखान्यात लगदा साधारणपणे ९० अंशांच्या पुढे नेऊन दाबतात. कमी तापमानात हे करता येतं, वेळ जास्त लागतो. पण पाकिटावर ‘कोल्ड प्रेस्ड’ लिहिलं म्हणजे ते तसंच झालं, याचा पुरावा गिऱ्हाइकाच्या हातात नसतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत कोको पावडरची व्याख्या आहे, चॉकलेटची आहे. ‘रॉ’ची नाही.

‘एन्झाइम्स जिवंत राहतात’

एन्झाइम म्हणजे प्रथिन. पोटात गेलं की डाळीच्या प्रथिनासारखं तेही पचतं. पण समजा राहिलं एखादं शाबूत, तर कोणतं? कोकोच्या बीत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं ते याच्यामुळेच. बिया आंबताना आणि उन्हात सुकताना हेच एन्झाइम फ्लॅव्हॅनॉल्स, म्हणजे ज्यांच्यासाठी कोकोचं एवढं कौतुक चाललंय तेच पदार्थ, ऑक्सिजनशी जोडून टाकतं. जांभळी बी तपकिरी होते ती अशी. फ्लॅव्हॅनॉल्सची काळजी असेल तर हे एन्झाइम मेलेलंच बरं.

आता केळ्याच्या स्मूदीकडे या. केळ्यात हे एन्झाइम भरपूर असतं. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस आणि इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना फ्लॅव्हॅनॉल्स एकदा कॅप्सूलमधून दिली आणि एकदा केळ्याच्या स्मूदीतून. स्मूदीतून घेतल्यावर रक्तातली पातळी ८४ टक्क्यांनी कमी भरली. महागाची पावडर आणायची, आणि तिच्यातलं सगळ्यात मोलाचं जे आहे ते मिक्सरच्या भांड्यातच केळ्याला खाऊ घालायचं! स्मूदीच हवी असेल तर अननस, संत्रं, आंबा किंवा दही घ्या. कापून ठेवल्यावर झटकन काळं पडणारं फळ टाळायचं, एवढा ठोकताळा पुरतो.

‘ब्लूबेरीच्या ४० पट अँटिऑक्सिडंट्स’

अशा तुलना ओरॅक नावाच्या परीक्षानळीतल्या मोजणीतून येतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःची ओरॅकची यादी २०१२ मध्येच संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण हे आकडे शरीरात काय होतं ते सांगत नाहीत आणि जाहिरातदार ते सर्रास वापरत होते. शिवाय कोरड्या पावडरीची तुलना ८०-८५ टक्के पाणी असलेल्या फळाशी, तीही वजनाला वजन. असा आकडा मोठा दिसणारच.

भाजल्याने फ्लॅव्हॅनॉल्स कमी होतात हे खरं, आणि जास्त तापमानावर जास्त वेळ भाजलं तर बरीच कमी होतात. पण मोठा घाटा त्याआधी आंबवण्या-सुकवण्यात होऊन गेलेला असतो. दुसरा मोठा घाटा अल्कली प्रक्रियेत. कोकोचा आंबटपणा मारून रंग गडद करण्यासाठी त्यावर पोटॅशियम किंवा सोडियम कार्बोनेटची प्रक्रिया करतात. हॉलंडचा कोको कारखानदार व्हान हौटेन याच्या काळापासूनची, १९व्या शतकातली ही रीत. ही प्रक्रिया जितकी कडक, तितकं फ्लॅव्हॅनॉल नावापुरतं उरतं.

तेव्हा पाकिटावर ‘रॉ’ शोधू नका. घटकांच्या यादीत ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ आणि पुढे ५०० किंवा ५०१ हा क्रमांक आहे का ते बघा. असेल तर पावडर अल्कलाइज्ड आहे. नुसतं ‘कोको सॉलिड्स’ लिहिलं असेल आणि शंका असेल, तर अर्धा चमचा पावडर थोड्या गरम पाण्यात कालवून चिमूटभर खायचा सोडा टाका. नैसर्गिक पावडर आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५.३ ते ५.८, त्यामुळे फेस येतो आणि रंग गडद होतो. अल्कलाइज्ड पावडर ढिम्म राहते. रंगावरूनही अंदाज येतो: नैसर्गिक पावडर फिकट, विटकरी छटेची, अल्कलाइज्ड काळपट आणि चवीला सौम्य. केकवाल्यांना दुसरी आवडते, तो त्यांचा प्रश्न.

‘बीपी उतरतं’

इथे थोडा दम आहे, पण अटींसकट. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल्समुळे रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते, हा दावा मान्य केला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०२३ मध्ये हृदयरोगाबद्दलच्या दाव्याला परवानगी दिली ती फक्त किमान ४ टक्के फ्लॅव्हॅनॉल असलेल्या पावडरीसाठी, आणि पुरावा ‘फार मर्यादित’ असल्याचं सांगण्याच्या अटीवर. साधी कोको पावडर आणि चॉकलेट त्यातून वगळलेली. कॉसमॉस या मोठ्या चाचणीत २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल्सचा अर्क दिला, तोही कॅप्सूलमध्ये. हृदयविकाराच्या एकूण घटनांत १० टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले, पण चाचणीचा तो मुख्य निकष नव्हता. तुमच्या पाकिटावर फ्लॅव्हॅनॉल किती मिलिग्रॅम ते छापलंय का? बहुतेकांवर नसतं. मग या निष्कर्षांचा त्या पाकिटाशी संबंध जोडता येत नाही. बीपीची गोळी तर यासाठी अजिबात बंद करू नये.

‘लोह आणि मॅग्नेशियम’

१०० ग्रॅम कोको पावडरीत साधारण १४ मिलिग्रॅम लोह आणि ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. पण खातो आपण १० ग्रॅम, म्हणजे फॉरवर्डमधले दोन मोठे चमचे. म्हणजे लोह १.४, मॅग्नेशियम ५०. पीठ ५० ग्रॅम धरलं तर नाचणीच्या एका भाकरीत लोह २.३ आणि मॅग्नेशियम ७० च्या आसपास. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, मापन आहे. वर कोकोतली पॉलिफिनॉल्स (फ्लॅव्हॅनॉल्स याच गटातली) चहासारखीच लोह शोषू देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी कोको जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊच नये, दीड-दोन तासांचं अंतर ठेवावं.

‘कॅफीन शून्य’

साफ खोटं. १० ग्रॅम पावडरीत २० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमिन, म्हणजे कॅफीनचंच भावंड असलेलं उत्तेजक, असतं. कॅफीन कपभर इन्स्टंट कॉफीच्या मानाने कमी आहे, पण थिओब्रोमिन शरीरात तासन्‌तास रेंगाळतं. रात्री घेतल्यास छाती धडधडणं, झोप उडणं, जळजळ या तक्रारी तिथून येतात. घरात कुत्रा असेल तर निब्जची, म्हणजे कोकोच्या बियांच्या तुकड्यांची, बरणी वर ठेवा. थिओब्रोमिन त्याला विषारी असतं. मूडबद्दल सांगितलं जाणारं फेनिलइथिलअमीन कोकोत नखभर असतं, आणि तेही मेंदूपर्यंत पोचायच्या आत आतडं आणि यकृत मोडून टाकतात.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच

बिया उघड्यावर आंबवतात, उघड्यावर सुकवतात. कोंबड्या, पक्षी, धूळ, माणसांचे हात सगळे तिथे येतात. पोट बिघडवणारा साल्मोनेला मारण्याची मुख्य पायरी म्हणजे भाजणं, आणि ‘कच्चा’ म्हणत तीच गाळली जाते. हा जिवाणू कोरड्या, तेलकट पदार्थात महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून कच्ची पावडर थंड स्मूदीत किंवा ओट्सवर भुरभुरवून खाणं गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींनी तरी टाळावं.

पावडर उकळली की हा प्रश्न बराच सुटतो. एक मोठा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पावडर, आधी दोन चमचे कोमट पाण्यात घोटून पेस्ट करा. थेट उकळत्या दुधात टाकली तर गुठळ्या होतात, कारण कण तेलकट असल्यामुळे पटकन भिजत नाहीत. मग १५० मिली दूध घालून ढवळत दोन-तीन मिनिटं उकळी द्या. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, नाहीतर दूध फाटतं. निब्ज ओव्हनमध्ये १२०-१३० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजा. व्हिनेगरसारखा वास जाऊन चॉकलेटचा आला की काढा. जळकट वास आला तर कडवटपणा पुन्हा जात नाही.

कॅडमियम हा विषारी जड धातू मात्र उकळून जात नाही. झाड ते जमिनीतून घेतं, आणि पेरू-इक्वेडोरच्या कोकोत, जो ‘रॉ’ पाकिटांत हमखास दिसतो, ते सरासरीने जास्त आढळतं. युरोपात पावडरीसाठी मर्यादा किलोला ०.६० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेवरची पावडर रोज १० ग्रॅम घेतली तर आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅम पोटात जातं. ६० किलोच्या माणसासाठी युरोपीय संस्थेने आठवड्याची सुरक्षित सीमा १५० धरली आहे, आणि भात-भाज्यांतून येणारं कॅडमियम त्यातच मोजायचं. रोज ५ ग्रॅमवर थांबलं तर हा आकडा निम्मा होतो. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे झालेत, त्यांनी पालकाइतकीच कोकोचीही चौकशी डॉक्टरांकडे करावी. ऑक्झलेट दोन्हीत भरपूर असतं.