कळपाबाहेरचा मी

परवा सकाळी लोकलमध्ये, घाटकोपर सुटल्यावर साहेबांचा मेल आला. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाइल, नाकासमोर कुणाची तरी बॅग. आदल्या रात्री पाठवलेल्या माझ्या रिपोर्टबद्दल साहेबांनी एकच विशेषण लिहिलं होतं : 'इग्रीजियस'. शब्द नवा, पण 'ग्रेशस'च्या घराण्यातला वाटला. शिवाय लांबलचक. साहेबांच्या शिव्या आखूड असतात.

कुर्ला यायच्या आत मी उत्तर ठोकलं, 'थँक यू सर, सेम टू यू.' मग घरी फोन. आईने देवापुढे साखर ठेवलीसुद्धा.

पाचव्या मिनिटाला कन्येचा मेसेज. 'बाबा, त्याचा अर्थ भयंकर वाईट असा होतो.' रिपोर्टात मी लाखांचे कोटी केले होते म्हणे. मराठीत याला घोडचूक म्हणतात. इंग्रजीत घोड्याच्या जागी मेंढ्या आहेत. शब्द लॅटिन, 'ग्रेक्स' म्हणजे कळप, आणि कळपातून उठून दिसतो तो 'एग्रेगिउस', म्हणजे नामवंत. 16व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाही त्याचा मान शाबूत होता. पुढे लोक तो टोमण्यात वापरू लागले आणि शेवटी टोमणाच उरला. इटलीत मात्र अजून पत्राच्या मायन्यात 'एग्रेजो' लिहितात, आपल्या 'माननीय'सारखं. साहेब इटलीचे असते तर आईची साखर वाया गेली नसती.

इंग्रजांना तरी का हसा? 'काय प्रताप केलेत?' असं बायको विचारते तेव्हा मी ढाल-तलवार शोधत नाही. लोणच्याची बरणी कुठे फुटलीय ते बघतो. 'महाभाग' तर बिचारा कधीच कामातून गेला.

या 'ग्रेक्स'ने आमच्या सोसायटीतही बस्तान मांडलंय. ओला-सुका वेगळा करायचं सेग्रिगेशन त्याचंच, कन्येचं अ‍ॅग्रिगेटही त्याचंच. हे सगळं ती टाइप करत होती, मी वाचत होतो आणि दादर आलं.

'उतरना है? उतरना है क्या?' करत दारापाशी पोचलो, पण चढणाऱ्यांनी पुन्हा आत कोंबलं. कळपातून बाहेर पडणाऱ्याला रोमन लोक नामवंत का म्हणत, ते तेव्हा पटलं.

भायखळ्याला उतरलो. मोबाइल पाहिला. साहेबांचं उत्तर आलं होतं.

आखूड होतं.